‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या ओळीच्या पलीकडे

रस्ता चौपदरी होणार म्हटलं की गावात दोन गोष्टी लागोपाठ घडतात. मोजणीवाले विजेच्या खांबांवर आणि घरांच्या भिंतींवर लाल रंगात आकडे लिहून जातात, आणि चार दिवसांनी गावकरी आमदारांच्या कार्यालयात निवेदन देऊन येतात. निवेदन देतानाचा फोटो ग्रुपवर पडतो. निवेदनाला लेटरहेडवरचं एक पत्र जोडलं जातं: ‘सोबतच्या निवेदनाचे अवलोकन करून नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.’ ते कार्यकारी अभियंत्यांकडे जातं, फाइलला लागतं आणि तिथेच मुक्काम करतं. वर्षभराने दुभाजक उभा राहतो, शाळेची वाट बंद होते, मग ‘पुढाऱ्यांनी काही केलं नाही’ अशी बोंब.

पुढाऱ्यांनी खरंच काही केलेलं नसतं. पण त्या निवेदनाची प्रत काढून वाचावी. ‘जनभावना तीव्र आहेत’, ‘गावावर अन्याय होत आहे’, ‘पुलाची अत्यंत गरज आहे’. पूल कुठे हवा? कोणत्या किलोमीटरला, किती उंचीचा, कशासाठी? यातलं काहीच नसेल तर आमदार पुढे काय पाठवणार आणि अभियंता कशावर उत्तर देणार? लोकप्रतिनिधीला बोलतं करायचं असेल तर त्याच्या तोंडी द्यायचं वाक्य आपण तयार करून न्यावं लागतं. हात जोडून हे सांगावंसं वाटतं, कारण गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

सुरुवात रस्ता कोणाचा यापासून. गावातून जाणारा डांबरी रस्ता आपल्याला एकच दिसतो, पण कागदावर तो राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग यांपैकी काहीतरी असतो. शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्गांपैकी काही भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. समृद्धीसारखे मोठे मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. इतर जिल्हा मार्गाच्या मोरीसाठी (रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायची वाट) खासदारांना पत्र लिहिणं आणि राष्ट्रीय महामार्गाच्या भुयारी मार्गासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम समितीत ठराव करून घेणं, दोन्ही सारखंच वाया. कामाच्या ठिकाणी लावलेल्या फलकावर विभाग, ठेकेदार, कामाचं नाव आणि कि.मी. पासून कि.मी. पर्यंत असं सगळं लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढावा. फलक नसेल तर तीच पहिली तक्रार.

दुसरा प्रश्न: काम कोणत्या टप्प्यावर आहे? हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तिथेच सगळं हुकतं.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर भूसंपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली होतं. आधी ‘थ्री ए’ म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सांगणारी कलम ३अ ची अधिसूचना निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत कलम ३क खाली लेखी हरकत घेता येते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांताधिकाऱ्यांकडे, द्यायची असते आणि त्यावर सुनावणी द्यावीच लागते. मात्र ही हरकत त्या जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच घेता येते. गावातल्या कोणीही उठून घेतलेली हरकत एका ओळीत फेटाळली जाते. इथे सरपंचाचं महत्त्व आहे. गावाची स्मशानभूमी, पाणीपुरवठ्याची विहीर, ग्रामपंचायतीच्या मालकीचा रस्ता किंवा इमारत संपादनात जात असेल तर ग्रामपंचायत स्वतः हितसंबंधित ठरते आणि हरकत तिच्या नावाने जाऊ शकते. हे २१ दिवस सरपंच लग्नसराईत आणि सत्कारात घालवतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यांच्या मागे लागणं हे आपलं काम.

त्यानंतर ‘थ्री डी’, म्हणजे कलम ३ड ची संपादनाची घोषणा. ती निघाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, मोबदला हातात पडलेला असो वा नसो. थ्री ए नंतर वर्षभरात थ्री डी निघाली नाही तर थ्री ए रद्द ठरते, म्हणून शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सगळी यंत्रणा पळत असते. रेखांकन (रस्त्याची आखलेली रेषा) हलवा ही मागणी थ्री डी नंतर कोणाही पुढाऱ्याकडे नेण्यात अर्थ उरत नाही. तिथून पुढे मागायचं ते भुयारी मार्ग, मोऱ्या, सेवा रस्ता, बस थांबा. निविदा निघण्याआधी ते आराखड्यात बसतं. ठेका दिल्यानंतर तीच गोष्ट ‘कामाच्या व्याप्तीत बदल’ होते: त्याला पैसे वेगळे, मंजुरी वरची आणि मर्यादा करारनाम्यातच घातलेली. अशक्य नसतं, पण त्या टप्प्यावर सरपंचांचं पत्र पुरत नाही, खासदार लागतात.

राज्याच्या कायद्याखाली होणाऱ्या महामार्गांची कलमं वेगळी आहेत. मुदत आणि हरकत कोणाकडे द्यायची ते अधिसूचनेतच वाचावं. अशाच एका प्रकल्पाचं, नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचं, उदाहरण ताजं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या विरोधामुळे सत्ताधारी आणि विरोधक अशा दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींना जाहीर भूमिका घ्यावी लागली. तो विरोध रेखांकनाच्या टप्प्यावर, जमीन ताब्यात जाण्याआधी उभा राहिला होता. जेसीबी आल्यावर सुरू झालेल्या आंदोलनाला तशी जागा मिळत नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होणारी गोष्ट. मोबदला आणि आराखडा एकाच निवेदनात घालू नये. मोबदला हा एकेका खातेदाराचा विषय: निवाडा कलम ३ग खाली होतो, तो मान्य नसेल तर लवादाकडे जायचं असतं, त्याची कागदपत्रं वेगळी, अधिकारी वेगळा. भुयारी मार्ग हा गावाचा विषय आणि तो अभियंत्याकडे. दोन्ही एकत्र लिहिलं की प्रांताधिकारी म्हणतात पुलाचं प्राधिकरणाला विचारा, प्राधिकरण म्हणतं मोबदल्याचं प्रांताकडे जा, आणि आमदारांचे स्वीय सहायक दोन्ही उत्तरं एकाला एक टाचून ठेवून देतात. शिवाय गावात फूट पडते ती वेगळीच. ज्यांची जमीन जात नाही त्यांना वाटतं हे भाव वाढवून घेण्यासाठी चाललंय. ज्यांची जाते त्यांना वाटतं शाळेच्या पुलाचं निमित्त करून आपला विषय मागे टाकला. बाह्यवळणाचंही तसंच. बाजारपेठेतल्या दुकानदारांना ते नको असतं, शाळेजवळच्या पालकांना हवं असतं. हे भांडण आधी गावात मिटवावं. नेत्यासमोर दोन गट गेले की तो दोघांनाही ‘बघू’ म्हणतो, आणि त्याचं काही चुकतं असंही नाही.

मग मागणी लिहायची कशी? रस्त्यावरची प्रत्येक जागा अभियंत्यासाठी एक आकडा असते: कि.मी. ४७/३५०, म्हणजे सत्तेचाळीस किलोमीटर आणि वर तीनशे पन्नास मीटर. मागणी त्या आकड्याला बांधली की ती नकाशावर सापडते. हा आकडा जुन्या किलोमीटरच्या दगडावरून काढू नये. नव्या आराखड्यातली साखळी, म्हणजे किलोमीटरची मोजणी, वेगळी असू शकते. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. केंद्राच्या प्राधिकरणाकडे अर्ज असेल तर ऑनलाइन करणं सोपं. मागायचं काय ते नेमकं: आपल्या हद्दीतल्या किलोमीटरचे प्लॅन-प्रोफाइलचे (रस्त्याची आखणी आणि चढ-उतार दाखवणारे) नकाशे, मोऱ्या आणि भुयारी मार्गांची यादी, आणि ठेका झाला असेल तर करारनाम्याचं शेड्यूल बी. ठेकेदाराने कुठे काय बांधायचं ते किलोमीटरनिशी या शेड्यूलमध्ये असतं. उत्तराला ३० दिवस जातात, म्हणून अर्ज निवेदनाच्या आधी टाकावा. सगळीकडे उलटा क्रम दिसतो.

आणि मोजणी. पाचशे सह्या जोडण्यापेक्षा दोन दिवसांची मोजणी जास्त कामाची. दोन माणसं, एक वही, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, एक साधा दिवस आणि एक आठवडी बाजाराचा. तासातासाचे रकाने पाडायचे: चालणारे, त्यात शाळकरी मुलं वेगळी, सायकल, दुचाकी, बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली, जनावरं. उसाचा पट्टा असेल तर हंगामात भरलेल्या ट्रॉलीची जमिनीपासून उंची टेपने मोजून फोटो काढावा. मोठ्या वाहनांसाठीच्या भुयारी मार्गाला साडेपाच मीटर उंची धरतात, हलक्या वाहनांचा त्याहून बुटका असतो. ‘भुयारी मार्ग दिला’ म्हणून पेढे वाटायचे आणि पुढच्या गळिताला भरलेली ट्रॉली त्यात अडकायची, असं होऊ नये म्हणून उंची आधी लिहून मागावी.

ग्रामसभेचा ठराव साधारण असा दिसावा:

‘मौजे ……… हद्दीत राष्ट्रीय महामार्ग क्र. …… च्या कि.मी. ४७/३५० येथे जिल्हा परिषद शाळा व वस्ती यांना जोडणारा पाणंद रस्ता महामार्ग ओलांडतो. दि. …… व दि. …… (बाजाराचा दिवस) रोजी सकाळी ७ ते सायं. ७ या वेळेत केलेल्या मोजणीनुसार …… विद्यार्थी, …… दुचाकी व …… ट्रॅक्टर-ट्रॉली यांनी येथे रस्ता ओलांडला (तक्ता सोबत). आराखड्यानुसार या ठिकाणी दुभाजक बंद असून सर्वांत जवळचा भुयारी मार्ग कि.मी. ४९/४५० येथे, म्हणजे २.१ कि.मी. अंतरावर आहे. सबब कि.मी. ४७/३५० येथे भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढ्या उंचीचा भुयारी मार्ग करावा. ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्यास कारणासह लेखी कळवावे व या दोन ठिकाणांदरम्यान दोन्ही बाजूंस सलग सेवा रस्ता द्यावा. सूचक …… अनुमोदक …… ठराव सर्वानुमते मंजूर.’

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘शक्य नसल्यास कारणासह लेखी कळवावे’ हे. त्याने अभियंत्याला गप्प बसण्याची सोय राहत नाही, आणि पर्यायी मागणी आधीच नोंदली गेल्यामुळे ‘एकतर पूल नाहीतर काहीच नाही’ असा पेच येत नाही. २.१ किलोमीटरही उगाच लिहिलेलं नाही. जाऊन-येऊन सव्वाचार किलोमीटरचा हेलपाटा असेल तर लोक उलट्या दिशेने गाडी घालतात किंवा रात्रीतून दुभाजक फोडतात. अभियंत्यांना हे पुरेपूर माहीत असतं. आकडा समोर आला की त्यांनाही वरच्या कार्यालयात मांडायला आधार मिळतो.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जे कमी असेल ते. विषय नोटिशीतल्या विषयपत्रिकेवरच घ्यायला लावावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली केलेला ठराव नंतर कोणीही लंगडा ठरवू शकतो. ठरावाची नक्कल ग्रामसेवकांच्या (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सही-शिक्क्यानिशी किमान दहा प्रतींत घ्यावी.

मोरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुलासाठी सगळे भांडतात आणि मोरीकडे कोणी पाहत नाही. नुकसान मात्र दर पावसाळ्यात मोरीमुळे होतं. जुना रस्ता जमिनीच्या पातळीला असतो. जोराचा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी मोरीतून जातं तेवढं जातं, उरलेलं रस्त्यावरून वाहून पलीकडे उतरतं. रस्ता दोन-तीन तास बंद, पण शेतात पाणी थांबत नाही. नवा रस्ता दीड-दोन मीटर भरावावर येतो. वरून वाहून जाण्याची वाट बंद झाली, म्हणजे तो भराव आता बंधारा झाला. मोरी जुन्याच मापाची ठेवली असेल तर वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबतं, सोयाबीन सडतं. खालच्या अंगाला पाणी जोराने बाहेर पडून बांध फोडतं. ६०० मिलिमीटरच्या पाइपच्या जागी १२०० चा टाकला तर तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट होतं. एवढ्या एका गोष्टीवर वस्तीचा पावसाळा ठरतो.

आराखडा करणारा सर्वेक्षक बहुतेक वेळा उन्हाळ्यात येऊन गेलेला असतो. कोरडा ओढा त्याला खळगा वाटतो. त्याला पुराची खूण दाखवावी लागते. मोठ्या पावसाच्या दिवशी पाणी जिथवर चढलं तिथे विजेच्या खांबावर खूण करावी, टेप लावून रस्त्याच्या पातळीपासूनची उंची मोजावी, तारखेसह फोटो काढावा, तलाठ्यांचा नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जोडावी. ओढ्याचा गट नंबर आणि गाव नकाशावरचा प्रवाह दाखवावा, कारण नांगरट करून बुजवलेले ओहोळ जागेवर दिसत नाहीत, नकाशात दिसतात. याच भरावाखालून शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी आणि ग्रामपंचायतीची पाण्याची लाइनही जाते. भराव घालण्याआधी आडवे मोकळे पाइप टाकून घ्या असं ठरावात लिहावं. नंतर रस्त्याखालून बोअर मारायचं म्हणजे परवानगी, अनामत आणि खर्च, तिन्ही आपल्या गळ्यात.

बस थांब्याची मागणी एसटीच्या आगार व्यवस्थापकांच्या पत्रासह द्यावी. उड्डाणपूल झाल्यावर बस वरून जाते आणि प्रवासी अंधारात महामार्गाच्या कडेला उतरतात. हे आराखड्याच्या वेळी कोणाच्याच डोक्यात नसतं.

एवढं हातात आलं की मग पुढाऱ्यांकडे जावं, आणि प्रत्येकाकडे त्याच्या हातातलं काम मागावं. सरपंचांकडे ठराव आणि हरकत. जिल्हा परिषद सदस्यांकडे त्यांच्या रस्त्यांपुरता सर्वसाधारण सभेतला प्रश्न. आमदारांकडे राष्ट्रीय महामार्गाचा थेट अधिकार नसतो, पण संपादन करणारे प्रांत, तहसीलदार आणि भूमी अभिलेखवाले राज्याचेच, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांकडे संयुक्त बैठक लावणं त्यांना सहज जमतं. रस्ता राज्याचा असेल तर विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. त्याचा साचा ठरलेला आहे: ‘हे खरे आहे काय, असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आपण मसुदा याच साच्यात किलोमीटर घालून, युनिकोडमध्ये टाइप करून दिला तर स्वीय सहायक तो जवळपास तसाच पुढे पाठवतात. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी, अशी अधिवेशनं तीन, आणि प्रश्न कितीतरी आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर धावून उपयोग नाही. प्रश्न सभागृहात चर्चेला आला नाही तरी चालेल. लेखी उत्तर येतं, आणि त्यात खात्याने ‘अंशतः खरे आहे’ एवढं कबूल केलं तरी तो कागद पुढे वर्षभर पुरतो.

खासदारांकडे लोकसभेत प्रश्न (१५ पूर्ण दिवसांची पूर्वसूचना लागते), नियम ३७७ खालचा उल्लेख (आपल्या भागाचा विषय सभागृहात मांडण्याची सोय) आणि जिल्ह्यातली ‘दिशा’ समिती. ही समिती खासदारांच्या अध्यक्षतेखाली केंद्राच्या कामांचा आढावा घेते आणि तिथे महामार्गाच्या अधिकाऱ्यांना बोलावता येतं. संसदेतल्या भाषणाची क्लिप जास्त फिरते, पण माझ्या मते दिशाच्या इतिवृत्तातली एक ओळ तिच्यापेक्षा जड.

पत्र मिळालं की त्यावर जावक क्रमांक आहे का ते पाहावं. नसेल तर ते पत्र गेलेलंच नाही असं समजावं. क्रमांक मिळाला की पंधरा दिवसांनी संबंधित कार्यालयात आवक क्रमांक विचारावा. राज्याच्या कार्यालयांना दफ्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा लागू आहे. नेहमीची फाइल कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात आहे. केंद्राच्या प्राधिकरणाला तो लावता येत नाही, तिथे केंद्राचं तक्रार पोर्टल.

स्थळपाहणी ठरली तर गर्दी करू नये. पंचवीस जण एकदम बोलायला लागले की अभियंता मान हलवतो आणि गाडीत बसतो. बोलणारे दोघं ठरवावेत, जागेवर चुन्याने किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, वेळ शाळा सुटण्याची निवडावी. पाहणीनंतर त्याच संध्याकाळी ‘आज अमुक ठिकाणी अमुक मुद्द्यांवर पाहणी झाली, अमुक सांगण्यात आलं’ असा ईमेल अभियंत्याला करून आमदार-खासदारांना प्रत द्यावी. अधिकृत इतिवृत्त आलं नाही तरी ही नोंद राहते. रास्ता रोको करावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. गुन्हे दाखल होतात ते तरुण पोरांवर, भाषण करणाऱ्यांवर क्वचित, हे मात्र आधी बोलून घ्यावं.

एक नाजूक बाब. बाह्यवळणाच्या रेषेवर कोणाच्या जमिनी आहेत, अलीकडे कोणी घेतल्या आणि ठेकेदाराचा उपठेकेदार कोण, हे गावाला बहुधा ठाऊक असतं. सातबारा ऑनलाइन पाहता येतो. जमीन असणं हा गुन्हा नाही. पण ज्याचा फायदा सध्याच्या रेषेत आहे त्याला रेषा बदलण्याचा विषय एकट्याच्या हाती देऊ नये. तेच निवेदन विरोधी पक्षाच्या लोकप्रतिनिधीलाही त्याच दिवशी द्यावं.

आचारसंहिता लागली की घोषणा थांबतात, अधिकाऱ्यांना अर्ज देणं थांबत नाही. प्रचाराच्या काळात उमेदवाराकडून ‘पूल करून देतो’ हे घेण्यापेक्षा ‘कि.मी. ४७/३५० चा ठराव मी दिशा समितीत मांडेन’ हे सहीनिशी घ्यावं.

काम पूर्ण होत आलं की सरपंच आणि आमदारांच्या प्रतिनिधीसह एक फेरी मारावी: मोऱ्यांची तोंडं गाळाने बुजली आहेत का, सेवा रस्त्याचं गटार ओढ्याला जोडलंय की कोणाच्या शेतात सोडलंय, बस थांब्यावर दिवा आहे का, भुयारी मार्गात पाणी साचतंय का. ही यादी किलोमीटरनिहाय करून तात्पुरतं पूर्णत्व प्रमाणपत्र निघण्याआधी प्राधिकरणाच्या अभियंत्याकडे पोचली पाहिजे, कारण उरलेल्या कामांची यादी त्या प्रमाणपत्राला जोडली जाते. टोलनाका असेल तर तोही त्या प्रमाणपत्रानंतरच सुरू होतो.